बारा तास बसलात, हाती काय आलं? अभ्यासिकेतल्या दिवसाचा हिशेब

सदाशिव पेठेत किंवा नवी पेठेत संध्याकाळी सातच्या चहाला कुणालाही विचारा, "आज किती झाला?" उत्तर तासांत येतं. "दहा." "साडेअकरा." एखादा मान खाली घालून म्हणतो, "आज सातच." काय झालं हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेच्या तयारीतली ही चूक मी इतरांची रोज बघतो आणि स्वतः दोन वर्षं केली आहे. सकाळी साडेसहाला जागा धरायची, रात्री दहाला वही मिटायची, अंग मोडून गेलेलं असायचं आणि पूर्व परीक्षेत कटऑफ दहा-बारा गुणांनी हुकायचा. आळशीपणा हा दोष तेव्हा नव्हताच. दिवस भरलेला होता, पण परीक्षेत उपयोगी पडेल असं त्यातून फार थोडं निघत होतं. खाली दिलेले टप्पे त्याच क्रमानं करा. क्रम मोडला की नवं टाइमटेबल तयार होतं, निकाल मात्र जुनाच लागतो.

## सुरुवातीला काय जमवायचं

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या (एमपीएससी) संकेतस्थळावरून पूर्व परीक्षेच्या मागच्या सहा-सात वर्षांच्या प्रश्नपत्रिका उतरवून घ्या आणि सोबत अंतिम उत्तरतालिका घ्या. पहिली उत्तरतालिका चालणार नाही. हरकती आल्यावर काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्द होतात. पहिल्या तालिकेवर अभ्यास केलेला एक रूम पार्टनर चुकीचं उत्तर वर्षभर ठणकावून सांगत होता, ते आठवतंय.

सगळ्याच्या झेरॉक्स काढा, प्रत्येक वर्षाचा गठ्ठा वेगळा बांधा. त्यातले दोन गठ्ठे न उघडता कपाटात वर ठेवून द्या. ते पुढे मोजमापाला लागणार आहेत. बहुतेक जण पहिल्याच महिन्यात सगळे पेपर चाळून टाकतात आणि मग स्वतःला तपासायला काही उरत नाही.

शिवाय अभ्यासक्रमाची छापील प्रत, दोन शंभरपानी वह्या, फोनमधलं नसलेलं एक साधं घड्याळ आणि चार रिकामी पाकिटं हवीत. घरी पडलेली लग्नपत्रिकांची पाकिटं उत्तम, जाड असतात.

परीक्षेचं गणितही समोर लिहून ठेवा. पूर्वचा पेपर एक: १०० प्रश्न, २०० गुण, दोन तास. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. पेपर दोन, म्हणजे सीसॅट (उतारे, तर्क, गणित): ८० प्रश्न, २०० गुण, दोन तास. तो पात्रतेपुरता, ३३ टक्के म्हणजे ६६ गुण लागतात. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा जातो, म्हणजे पेपर एकमध्ये अर्धा गुण.

## टप्पा १: तीन दिवस फक्त नोंद

पहिले तीन दिवस अभ्यासात काहीही बदलू नका. जसं चाललंय तसं चालू द्या. फक्त दर अर्ध्या तासाला वहीत एक ओळ लिहा: वेळ, काय केलं, आणि समोर एक अक्षर.

क म्हणजे कच्चा माल. पुस्तक वाचणं, लेक्चर ऐकणं, मासिक चाळणं, अधोरेखित करणं.

प म्हणजे पक्का माल. वेळ लावून प्रश्न सोडवणं, पुस्तक बंद करून आठवून लिहिणं, उत्तर लिहिणं, झालेल्या चुका तपासणं.

ह म्हणजे हमाली. नोट्स 'फेअर' करणं, पीडीएफचे फोल्डर लावणं, झेरॉक्सची रांग, टाइमटेबल नव्यानं आखणं, पोस्ट निघालेल्याची, म्हणजे निवड झालेल्याची, मुलाखत ऐकणं, "हे पुस्तक करू की ते" यावरचा परिसंवाद.

माझ्या जुन्या वहीतल्या एका दिवसाची बेरीज: बसलो अकरा तास. कच्चा माल सव्वासहा तास, हमाली चार तास, पक्का माल पाऊण तास. तो पाऊण तासही रूमवर जेवताना कुणीतरी फेकलेल्या प्रश्नांचा होता. त्या दिवशी चहाला मी मोठ्या समाधानानं "अकरा" असं सांगितलं होतं.

हमाली वाईट नसते, काही करावीच लागते. पण ती थकवते, आणि थकवा आला की अभ्यास झाल्यासारखं वाटतं. सगळा घोटाळा इथेच आहे.

सावधान: नोंद त्याच वेळी करा. रात्री आठवून लिहायला बसलात तर सगळे तास अभ्यासाचे दिसतात.

तपासणी: तीन दिवसांच्या बेरजेत 'प' एकूण वेळेच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे. निम्म्याच्या वर असेल तर थेट टप्पा २ मधल्या चुकांच्या वर्गवारीवर जा, तुमची अडचण वेगळी असू शकते.

## टप्पा २: एक जुना पेपर, आत्ताच

"आधी अभ्यास पूर्ण होऊ दे, मग पेपर सोडवतो." हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलंय की ते अभ्यासिकेच्या भिंतीवर लिहून वर फुली मारावी असं वाटतं. अभ्यास पूर्ण होत नसतो. पेपर आधी सोडवायचा, तयारी नसताना.

रविवारी दोन तास काढा. उघडायला परवानगी असलेल्या गठ्ठ्यांतला एक पेपर घ्या, घड्याळ लावा, उत्तरं कागदावर गोल करून भरा. फोन रूमवर ठेवून या. दोन तास झाले की पेन खाली.

गुण काढा, पण गुणांवर थांबू नका. समजा ९० प्रश्न सोडवले, ५० बरोबर, ४० चूक. शंभरातून वीस गेले, राहिले ८०. हा आकडा बघून बहुतेक जण उदास होतात, चहा पितात आणि दुसऱ्या दिवसापासून 'अजून वाचायचं' ठरवतात. खरं काम त्या चाळीस चुकांत आहे. एकेक चूक घ्या आणि चार खान्यांपैकी एका खान्यात टाका.

पहिला खाना: माहीतच नव्हतं. मुद्दा कधी नजरेखालून गेलाच नव्हता. इथे आणि फक्त इथे वाचन हा उपाय आहे. पण वाचायला धावण्याआधी बाकीच्या वर्षांचे उघडे पेपर चाळा. त्या मुद्द्याच्या आसपास पुन्हा प्रश्न आला आहे का? नसेल तर सोडून द्या. एका सुट्या प्रश्नासाठी चारशे पानांचं पुस्तक विकत घेणारे मी पाहिले आहेत.

दुसरा खाना: वाचलं होतं, आठवलं नाही. पान डोळ्यासमोर येतं, डाव्या बाजूला पिवळ्या रंगात होतं हेही आठवतं, उत्तर तेवढं येत नाही. बहुतेकांचा हाच खाना सगळ्यात भरलेला निघतो. माझा पहिल्यांदा सोळाचा निघाला होता. यावर पुन्हा वाचणं हा उपाय नाही. तुम्ही ते आधीच तीनदा वाचलंय. उपाय टप्पा ४ आणि ६ मध्ये आहे.

तिसरा खाना: येत होतं, घाईत गेलं. "खालीलपैकी कोणते विधान अयोग्य आहे?" यातलं 'अ' डोळ्यानं गाळलं. 'फक्त' आणि 'सर्व' हे शब्द वाचलेच नाहीत. जोड्या लावताना पहिली जोडी जुळली म्हणून पर्याय निवडून मोकळे झालात. उपाय हाताला लावायचा: प्रश्न वाचताना 'योग्य' किंवा 'अयोग्य' या शब्दाला पेनानं गोल करायचा, मगच पर्यायांकडे जायचं. जोड्यांत जी जोडी पक्की येते तिच्यापासून सुरुवात करून न बसणारे पर्याय कापायचे. दोन-तीन पेपरांत सवय लागते.

चौथा खाना: अंदाज फसला. याचं गणित एकदा नीट समजून घ्या. चारपैकी दोन पर्याय खात्रीनं कापता आले आणि उरलेल्या दोनातला एक निवडला, तर सरासरीनं दर प्रश्नामागे पाऊण गुण मिळतो. एक पर्याय कापून तीनातला निवडलात तर साधारण एक तृतीयांश गुण. काहीच कापता आलं नाही तर कागदावर एक अष्टमांश गुण उरतो, पण पेपर काढणारा पर्याय असे ठेवतो की अर्धवट माहिती असलेला माणूस नेमका चुकीकडे ओढला जावा. म्हणून आंधळा अंदाज टाळा, आणि दोन पर्याय कापलेला प्रश्न मात्र भीतीनं सोडू नका. पेपर सोडवताना अंदाजाच्या प्रश्नापुढे किती पर्याय कापले तो आकडा लिहा. चार पेपरांनंतर तुमचा अंदाज कुठे चालतो आणि कुठे बुडवतो ते दिसतं.

सावधान: चारही खान्यांना एकच औषध देऊ नका. दिवसभर व्यग्र राहणारा विद्यार्थी नेमकं हेच करतो. घाईत गेलेल्या प्रश्नावरही तो पुन्हा धडा वाचायला बसतो.

सीसॅटचं एक इथेच सांगतो. पात्रतेपुरता आहे म्हणून तो शेवटच्या पंधरवड्यावर ढकलला जातो आणि मग पेपर एकमध्ये भरपूर गुण असूनही माणूस बाहेर पडतो. याच रविवारी दुपारी सीसॅटचाही एक पेपर सोडवा. ९०च्या वर सहज जात असेल तर महिन्यातून एकदा पुरे. सत्तरीच्या आसपास असेल तर आठवड्यातून तीन बैठका उताऱ्यांना आणि गणिताला द्याच.

## टप्पा ३: आठवड्याचं उद्दिष्ट असं लिहा की नापास होता येईल

आता वहीत पुढच्या आठवड्याचं उद्दिष्ट लिहायचं. आपण एरवी कसं लिहितो? "या आठवड्यात राज्यव्यवस्था संपवणे." हा 'संपवणे' शब्द अभ्यासिकेतला सगळ्यात फसवा शब्द आहे. पान उलटलं की संपलं, डोक्यात काय राहिलं याच्याशी त्याचा संबंध नाही.

त्याऐवजी असं लिहा: "रविवारी सकाळी पंचायतराज आणि नागरी स्वराज्य संस्थांवरचे ३० प्रश्न, ३६ मिनिटं, २३ बरोबर." यात विषय आहे, वेळ आहे, आकडा आहे. बावीस आले तर नापास. तास कितीही भरले असले तरी नापास.

अशी तीनच उद्दिष्टं घ्या. पाच लिहिली की दोन अर्धवट राहतात, आणि त्यांचं ओझं पुढच्या आठवड्यावर जातं. कुठली तीन? दुसऱ्या खान्यात ज्या विषयांची गर्दी जास्त, ती. आवडीचा विषय आपोआप पुढे सरकतो, त्यावर लक्ष ठेवा. इतिहासाची गोडी असलेल्या मुलाला इतिहासाचं सहावं वाचन करताना काम केल्याचा जो आनंद होतो, त्याचे गुण कधीच मिळून झालेले असतात.

## टप्पा ४: एक बैठक कशी करायची

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा. एक बैठक शंभर मिनिटांची धरा आणि तिचे पाच तुकडे करा.

१. दहा मिनिटं: त्या घटकावरचे जुने प्रश्न वाचा. सोडवू नका, फक्त काय विचारतात ते बघा. आयोग तारीख विचारतो, समितीचं नाव विचारतो, की विधानं देऊन खरं-खोटं विचारतो?

२. चाळीस मिनिटं: वाचन. पेन हातात नको, हायलायटर तर अजिबात नको. प्रश्न डोक्यात ठेवून वाचा.

३. पंधरा मिनिटं: पुस्तक बंद, कोऱ्या कागदावर आठवेल ते. इथे मन पळ काढतं. "एकदा बघून घेऊ" असं वाटतं. बघायचं नाही. जे आठवत नाही तिथे रिकामी रेघ सोडा.

४. दहा मिनिटं: पुस्तक उघडून लाल पेनानं तपासा. रेघा भरा, चुका सुधारा.

५. पंचवीस मिनिटं: वीस प्रश्न, घड्याळ लावून. जुने पेपर कमी पडले तर सराव संचातले घ्या.

उदाहरण म्हणून पंचायतराजची ७३वी घटनादुरुस्ती घेऊ. चाळीस मिनिटं वाचताना सगळं सोपं वाटतं. ७३वी ग्रामीण, ७४वी शहरी, दोन्ही १९९२च्या. बस्स. आता पुस्तक मिटून लिहा. अकराव्या अनुसूचीत किती विषय, बाराव्या अनुसूचीत किती? २९ आणि १८, की उलट? २४ एप्रिल १९९३ पासून कुठली लागू झाली आणि १ जून १९९३ पासून कुठली? बलवंतराय मेहता समिती १९५७ची, मग अशोक मेहता समिती कधीची? महाराष्ट्रात वसंतराव नाईक समिती १९६०ला नेमली, जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांचा कायदा १९६१चा, प्रत्यक्ष जिल्हा परिषदा सुरू झाल्या १ मे १९६२ला. तीन लागोपाठची वर्षं, आणि परीक्षेत तिन्ही पर्यायांत शेजारी शेजारी बसलेली असतात. महिलांना राखीव जागा राज्यघटनेनुसार किमान एक तृतीयांश, महाराष्ट्रात निम्म्या. प्रश्नात 'राज्यघटनेनुसार' लिहिलंय की 'महाराष्ट्रात', त्यावर उत्तर बदलतं.

वाचताना यातलं काहीच अवघड वाटलं नव्हतं. कोरा कागद समोर आल्यावर कुठे भगदाड आहे ते कळलं. ते भगदाड परीक्षेच्या हॉलमध्ये कळण्यापेक्षा मंगळवारी सकाळी कळलेलं बरं.

पटत नसेल तर एक प्रयोग सांगतो. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी केलेला, २००६ साली प्रसिद्ध झालेला. एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्यानं एकदाच बैठक मारून वाचला आणि मग तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानं चित्र पालटलं: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. त्यातही वाचणाऱ्यांचा स्वतःबद्दलचा विश्वास जास्त होता. हे वाचलं तेव्हा मला आमची अभ्यासिकाच दिसली.

नेहमीच्या चुका: तिसरा तुकडा गाळून दोन वाचनं करणं. आठवून लिहिताना पुस्तकात बोट अडकवून ठेवणं. पाचव्या तुकड्यात घड्याळ न लावणं.

तपासणी: दिवसाला अशा चार बैठका झाल्या तर सहा तास चाळीस मिनिटं होतात. एवढं मन लावून केलं की बारा तास बसायची ताकद उरतच नाही, आणि ते ठीक आहे. नोकरी सांभाळून किंवा गावी शेतीचं बघून अभ्यास करणाऱ्यांना दोन बैठका जमल्या तरी अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही.

## टप्पा ५: नोट्स फक्त चुकांच्या

पुस्तकाचं पुस्तक वहीत उतरवणं ही हमालीतली सगळ्यात प्रतिष्ठित हमाली. अक्षर सुंदर, चार रंगांची पेनं, शेजारची मुलं झेरॉक्स मागतात. पण हात चालतो तेव्हा डोकं बहुधा झोपलेलं असतं.

दुसरी शंभरपानी वही चुकांची करा. बैठकीच्या चौथ्या आणि पाचव्या तुकड्यात जे लाल झालं तेवढंच त्यात जाईल, एका चुकीला दोन ओळी. पहिल्या ओळीत काय चुकलं, दुसरीत बरोबर काय. "अकरावी अनुसूची १८ लिहिली. २९. बारावीची १८." इतकं. महिनाभरात ही वही पन्नास पानांवर जाऊ लागली तर समजा तुम्ही चुका लिहीत नसून पुन्हा पुस्तक उतरवत आहात.

आधीच्या सुंदर नोट्स फाडायची गरज नाही. वरच्या फळीवर ठेवा.

## टप्पा ६: चार पाकिटं

एकदा आठवलं म्हणजे कायमचं आठवलं असं नाही. चुकांच्या वहीतून रोज रात्री दहा चिठ्ठ्या करा. पुढे प्रश्न, मागे उत्तर. पाकिटांवर लिहा: रोज, तीन दिवसांनी, रविवारी, महिन्यातून.

नवी चिठ्ठी 'रोज'मध्ये जाते. न बघता बरोबर आली की पुढच्या पाकिटात. कुठल्याही पाकिटातून चुकली की सरळ परत 'रोज'मध्ये, दया नाही. हे काम मेसच्या रांगेत, पीएमपीच्या बसमध्ये, गावी जाताना एसटीत होतं. बैठकीचा वेळ त्याला देऊ नका.

सावधान: चिठ्ठी उलटून "हो, हे येतच होतं" म्हणायचं नाही. आधी ओठ हलले पाहिजेत, मग चिठ्ठी.

## टप्पा ७: दिवसाचा क्रम आणि फोन

सगळ्यात नावडत्या विषयाची बैठक सकाळी पहिली. फोन त्यानंतर. सकाळी टेलिग्राम उघडलं की पंधरा चॅनेलवरची चाळीस पीडीएफ वाट बघत असतात, आणि त्या डाउनलोड करण्यातच नऊ वाजतात.

चालू घडामोडींना दिवसातून एकदा, जेवणानंतर चाळीस मिनिटं. एक वर्तमानपत्र, एक मासिक. दुसरं मासिक घेतलं की पहिल्याचं रिव्हिजन जातं. इतकंच.

चहाचं काय? चहा हवाच. फक्त कट्ट्यावरचा अर्धा तास नोंदीत 'ह'मध्ये लिहा, अभ्यासावर बोललात तरी.

## टप्पा ८: मुख्य देणार असाल तर

२०२५ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. नऊ पेपर, त्यातले मराठी आणि इंग्रजीचे दोन पात्रतेचे, उरलेल्या सात पेपरांचे १,७५० गुण आणि मुलाखतीचे २७५. त्यामुळे 'पक्का माल' बदलला. आता तो हातानं लिहिलेल्या पानांत मोजायचा.

पूर्व व्हायची वाट न बघता आठवड्याला चार उत्तरं लिहा, वेळ लावून. ती कुणालातरी वाचायला द्या. गुण देता आले नाहीत तरी "तिसरा परिच्छेद प्रश्नाबाहेर गेलाय" एवढं कुणीही सांगू शकतं. वैकल्पिक विषय अजून ठरला नसेल तर तो ठरवण्यासाठी व्हिडिओ बघू नका. दोन विषयांचे अभ्यासक्रम आणि जुने पेपर घेऊन बसा, एकेका प्रश्नाचं उत्तर लिहून पाहा. कुठल्या विषयात पेन थांबत नाही ते दोन तासांत कळतं.

## टप्पा ९: रविवारचा हिशेब

रविवारी पेपर सोडवून झाला की वहीत चार आकडे लिहा. तीन उद्दिष्टांपैकी किती गाठली. पूर्ण झालेल्या बैठका किती, पाचही तुकड्यांसह. दुसऱ्या खान्यातल्या चुका किती. 'ह'चे तास किती. बसलेले एकूण तास लिहायचेच नाहीत, जागाच ठेवू नका.

मग एक गोष्ट कापा. दर रविवारी एक. एखादं चॅनेल, एखादं दुसरं मासिक, एखादी टेस्ट सिरीज जिच्या उत्तरांचं विश्लेषण तुम्ही कधीच करत नाही. न तपासलेली टेस्ट म्हणजे दोन तासांची हमाली आणि वर पैसे. तीन सिरीज लावून एकही न तपासणाऱ्यापेक्षा एक लावून प्रत्येक चूक खान्यात टाकणारा पुढे जातो, हे माझं ठाम मत आहे.

पहिला आठवडा विचित्र जाईल. चार बैठका करून संध्याकाळी पाचलाच डोकं बंद पडेल, शेजारचा मात्र रात्री दहापर्यंत पानं उलटत असेल. जागेवरून उठताना चोरी केल्यासारखं वाटेल. उठा, आणि चिठ्ठ्या खिशात घेऊन फिरायला जा.

तीन आठवड्यांनी कपाटावरच्या दोन गठ्ठ्यांपैकी एक उतरवा आणि पहिल्या रविवारसारखाच सोडवा. आधी दुसरा खाना मोजा. तो निम्म्यावर आला असेल तर गुण अजून फार हलले नसले तरी गाडी रुळावर आहे, असंच चालू ठेवा. दुसरा खाना तेवढाच असेल तर चुकांच्या वहीची पानं बघा. ती कोरी निघाली तर तिसरा तुकडा तुम्ही गाळत होतात. वही भरलेली आहे पण पाकिटं रिकामी, तर टप्पा ६ झालाच नाही. दोन्ही भरलेलं असूनही आकडा हलला नसेल तर एकाच विषयावर या, बाकीचे विषय दोन आठवडे बंद ठेवा. दुसरा गठ्ठा परीक्षेच्या तीन आठवडे आधीपर्यंत उघडू नका, कुणी मागितला तरी देऊ नका. देणारच असाल तर झेरॉक्स काढून द्या, उत्तरं न बघता.